सुईत राहिलेला दोरा

१

दातांच्या दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टर म्हणायचे, झाडलोट करणारा म्हणायचा, दाढ धरून कण्हत आलेला पेशंटसुद्धा आधी "ताई, माझा नंबर कधी?" असंच विचारायचा. तेव्हा आपणही तिला ताईच म्हणू. तिचं खरं नाव घरात तरी कोण वापरत होतं? नवरा "अगं" म्हणायचा, सासूबाई "ऐकलंस का" म्हणायच्या, आणि लेक "आई" म्हणायची, तेही अलीकडे काही हवं असेल तरच.

ताईची सकाळ म्हणजे नुसती पळापळ. डबे, सासूबाईंच्या गोळ्या, पाण्याची मोटार, नवऱ्याचा न सापडणारा मोजा. घरातल्यांची ठाम समजूत होती की डबे आपोआप भरतात आणि मोजे आपले आपण जोडीने कपाटात जाऊन बसतात. ताईने ती समजूत कधी मोडली नाही. समजूत मोडायची तर बसून बोलावं लागतं, आणि बसायला तिला वेळ कुठे होता?

या सगळ्या धबडग्यात तिने एक गोष्ट मात्र स्वतःसाठी राखून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली होती. रिकामी खोकी, बिघडलेला पंखा, नवऱ्याच्या दुकानातले दोन जुने टायर, आणि खिडकीशी एक पायमशीन. सकाळचं ऊन तिथे थोडा वेळ यायचं. तेवढ्यात ताई गोधडी शिवायला बसायची. लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकचा बदकाचं चित्र असलेला पिवळा तुकडा, नवऱ्याच्या शर्टाची निळी रेघ, उसवलेल्या पडद्याची हिरवी पानं, हे सगळं मांडीवर पसरून कोणाच्या शेजारी कोण शोभतं ते ती बघत बसे. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख असायचं, की कोणी पाहिलं असतं तर विचारलं असतं, काय लॉटरी लागली का? पण त्या खोलीत कोणी डोकावत नसे.

ही गोधडी लेकीसाठी होती. उन्हाळा संपला की लेक लांबच्या गावी शिकायला जाणार होती, हॉस्टेलवर. गेली दोन-तीन वर्षं मायलेकींचं बोलणं "जेवलीस का" आणि "चार्जर कुठंय" एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. भांडण असं काही झालं नव्हतं. ताईला वेळ नव्हता, मग लेकीलाही नव्हता, एवढंच. जे बोलायचं राहिलं ते या गोधडीतून तिच्या अंगावर घालावं, असं ताईच्या मनात होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, अगं, बाजारात चांगलं ब्लँकेट मिळतं की.

शिवण तिला आत्याने शिकवली होती. आत्याचा एक नियम होता. उठायचं असेल तर सुईतला दोरा संपवून उठायचं. गाठ मारायची, तोडायचा, सुई डबीत, झाकण बंद. ओवलेली सुई टाक्यात अर्धी खोचून उठायचं नाही. ताईने लहानपणी विचारलं होतं, का? आत्या म्हणाली होती, "का म्हणजे? सुई गंजते." पण ते सांगताना आत्याने तिच्याकडे न बघता डबीकडे बघितलं होतं.

आता मला सांगा, दोन मिनिटांत तीन हाका येणाऱ्या बाईने दोरा संपवून कसं उठायचं? "ऐकलंस का, पाणी!" आली हाक. "अगं, रुमाल!" आली हाक. त्या दिवशी ताई वैतागून मोठ्याने म्हणाली, "मी काय दोन आहे का? एकीने इथं बसायला आणि एकीने तुमच्यामागे धावायला?" सुई होती तशीच टाक्यात खोचून ती उठली. दोरा गोधडीवर लोंबत राहिला.

२

दुसऱ्या दिवशी बसली तेव्हा दोरा पुढे गेलेला होता.

फार नाही. धावदोऱ्याची एक ओळ. तिने सुई पिवळ्या तुकड्याच्या कडेला सोडली होती, ती आता निळ्याच्या पलीकडे टाक्यात उभी होती. ताईने ओळीवरून बोट फिरवलं. लहानपणी दारात सापडून तिची तर्जनी थोडी वाकडी झाली होती, त्यामुळे तिचा टाका किंचित डावीकडे कलायचा. आत्या चिडवायची, तुझं शिवण मी हजारात ओळखीन. हे टाकेही डावीकडे कललेले होते.

म्हणजे आपणच घातलेत. ताईने स्वतःची समजूत काढली. घाईत घातले, विसरलो. माणूस डोक्यावर चष्मा ठेवून घरभर शोधतो, त्यातलंच हे. दवाखान्यात परवा तिने एकाच पेशंटला दोनदा वेळ दिली होती, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं हे उघडच आहे.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. तिचे टाके कधी लहान, कधी मोठे असायचे. जिथे हाक आली तिथे टाका लांबलेला असे. या ओळीतले सगळे सारखे होते. बोट तेच होतं, पण त्या बोटाला कसली घाई नव्हती.

३

खालच्या मजल्यावर एक घड्याळदुरुस्तीवाले काका राहत. घरीच काम करायचे, डोळ्याला भिंग लावून. स्वभावाने गरीब, पण आवाजाच्या बाबतीत फार हळवे. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी ताईला गाठलं.

"ताई, राग मानू नका. दुपारी मशीन जरा हळू चालवता आली तर बघा. टेबल हादरतं. बारीक स्क्रू असतात माझे."

"दुपारी? काका, दुपारी मी दवाखान्यात असते."

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. "मग घरात कोण शिवतं?"

"कोणी नाही. वरच्या मजल्यावरचा आवाज असेल."

"ताई, चाळीस वर्षं टिकटिक ऐकतोय. कुठला आवाज कुठनं येतो ते कळतं मला." मग त्यांना वाटलं असावं की आपण जास्तच बोललो. "जाऊ द्या. पण पाय छान आहे हो तुमचा. एका लयीत चालतो."

ताई हसून वर गेली. तिचा पाय कधीच एका लयीत चालत नसे. तिची मशीन खोकत खोकत चालायची, थांबायची, परत चालायची.

घरात सासूबाई नेहमीच्या खुर्चीत होत्या, पुढ्यात चालायची काठी, मांडीवर रेडिओ. ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी कोणी आलं होतं का?

"कोण येतंय? तूच तेवढी आलीस."

"मी?"

"मग कोण? दार वाजलं, तू आलीस, सरळ मागच्या खोलीत गेलीस. येतेस तर सांगत जा. चहा तरी टाकला असतास."

सासूबाईंचं वय झालंय, ताई मनाशी म्हणाली. दुपारी डोळा लागतो, स्वप्नातलं खरं वाटतं. मग ती कणीक मळायला लागली. ओट्यापासून मागच्या खोलीचं दार चार पावलांवर. ते अर्धवट उघडं होतं. ती दाराकडे पाठ न करता स्वयंपाक करत राहिली, आणि भाजी करपली. नवरा म्हणाला, "लक्ष कुठं असतं हल्ली तुझं?"

४

मग तो तुकडा आला.

गोधडीच्या मधोमध ताईने एक चौकोन रिकामा ठेवला होता. तिथे काय लावायचं ते तिचं ठरत नव्हतं. एका सकाळी तिथे आकाशी रंगाचं जाड कापड जोडलेलं होतं, मशीनची शिलाई, चारही कोपरे नेटके. रंग ओळखीचा होता, पण कुठला ते काही आठवेना. घरात तर असं कापड नव्हतं.

दवाखान्यात पोचल्यावर खुर्चीत बसताना तिची नजर अंगातल्या कोटाच्या बाहीवर गेली. रिसेप्शनवर बसताना घालायचा कोट, आकाशी. तिने तो काढून उलटा करून बघितला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक चौकोन कापून घेतलेला होता. कडा उसवू नयेत म्हणून बारीक तुरपाई केलेली. टाका डावीकडे कललेला.

"डॉक्टर," ती आत जाऊन म्हणाली, "माझा कोट कोणीतरी कापलाय."

डॉक्टरांनी एका पेशंटचा जबडा उघडा ठेवून मान वळवली. "तो तसाच होता ना?"

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे बरेच दिवस मी बघतोय. मला वाटलं, उन्हाळ्यामुळे तुम्हीच काहीतरी केलंत."

बाहेर बसलेल्या एक बाई म्हणाल्या, हो ताई, मागच्या वेळी मी आले होते तेव्हाही होतं ते. झाडणाराही म्हणाला, होतं की. म्हणजे कित्येक दिवस ताई पाठीला भोक घेऊन या खुर्चीत बसत होती, उठून फायली काढत होती, सगळ्यांकडे पाठ करत होती, आणि सांगावंसं एकालाही वाटलं नव्हतं. कोणी कापलं यापेक्षा हेच तिला जास्त लागलं. कोट ती रोज अंगात घालून यायची आणि अंगात घालूनच घरी जायची. तरी कापणारं माणूस कोण, हा प्रश्न तिने त्या दिवशी मनात नीट उभाच राहू दिला नाही. फोन वाजत होता, तो तिने घेतला.

५

तिने ठरवलं, आता दोरा संपवायचा. बाकी काही असो नसो, आत्याचा नियम पाळायचा. गाठ मारायची, तोडायचा, सुई डबीत. मग बघू कोण शिवतंय ते.

सकाळी ती लवकर बसली. सुईत वीतभर दोरा उरला होता. ऊन खिडकीवर होतं, घर अजून शांत. ती टाके घालत गेली. दोरा कमी कमी होत चालला. तेवढ्यात दारात लेक आली. केस विस्कटलेले, अंगात झोपेचा मळका टीशर्ट, हाताची बोटं दाराच्या कडेवर.

"आई, वेळ आहे?"

या घरात हा प्रश्न ताईला कोणी कधी विचारत नसे. सगळे सरळ हाकच मारायचे.

"हा एवढा दोरा संपवू दे गं राणी. दोनच मिनिटं."

लेक थोडा वेळ उभी राहिली. ताईने मान वर केली नाही. केली असती तर कदाचित उठावं लागलं असतं. लेकीचे पाय फटफट वाजत आतल्या खोलीकडे गेले, आणि खोलीचं दार लागलं.

आणि लगेच सासूबाईंच्या खोलीत काठी पडल्याचा आवाज झाला, मागोमाग सासूबाई पडल्याचा. ताई धावली. फार काही लागलं नव्हतं, पण उठवणं, गुडघ्याला मलम लावणं, नवऱ्याने दारात उभं राहून "हळू, हळू" म्हणणं, यात सकाळ गेली. ताई तशीच डबा उचलून पळाली. बस सुटता सुटता तिला आठवलं की दोरा बोटभर राहिला होता. आणि लेक काय सांगायला आली होती, तेही राहिलं होतं.

६

संध्याकाळी ताई दार उघडून आत आली आणि लेक येऊन तिच्या गळ्यात पडली.

ताई चप्पलसुद्धा काढू शकली नाही. लेकीच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. कोणीतरी तिला न्हायला घातलं होतं, तेल लावून, वेणी घालून. असा वास तिच्या केसांना ती पाचवीत असल्यापासून आला नव्हता.

"मला वाटलं होतं तू रागावशील," लेक तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "किती शांतपणे ऐकून घेतलंस गं दुपारी. मला एकदम हलकं वाटतंय."

आता हे वाचणारे तुम्ही-आम्ही म्हणू, तिने तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. की बाळ, दुपारी मी दवाखान्यात होते. तुझ्याजवळ कोण बसलं होतं, तिचे हात कसे होते, ती काय म्हणाली, सगळं सांग. एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? पण तिच्या गळ्यात तीन वर्षांनी ते हात पडले होते. ते सुटले असते.

"अगं, त्यात काय," ताई म्हणाली.

"आणि बाबांना नको हं सांगू. आत्ता नको."

"नाही सांगत."

काय सांगायचं नव्हतं, ते तिला माहीत नव्हतं. ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लेकीच्या आयुष्यातलं ते एक मोठं काहीतरी दुसरीच कोणीतरी ऐकून बसली होती, आणि ताईने मान डोलावून त्याच्यावर स्वतःचा शिक्का मारला.

मागच्या खोलीत जाऊन तिने बघितलं. राहिलेला बोटभर दोरा आता नव्हता. सुईत आता हातभर नवा दोरा होता. मग तिने सुई टाक्यात नीट खोचली, दोरा सरळ करून गोधडीवर पसरला, आणि दार ओढून घेतलं. या वेळी तिला कोणीही हाक मारली नव्हती.

७

पुढचे दिवस घर सुखात होतं. नवरा म्हणाला, "हल्ली बरी असतेस तू. पूर्वीसारखी करवादत नाहीस." घड्याळवाले काका जिन्यात भेटले की मान डोलवायचे, त्यांना त्या लयीची सवय झाली होती. सासूबाईंनी ताईला "गुणाची आहेस" असं म्हटलं, जन्मात पहिल्यांदा. गोधडी भराभर वाढत होती आणि सुंदर होत होती. ताईला सुचले नसते असे रंग शेजारी-शेजारी येत होते. पण नाही, सुचले असते. दुपारभर बसता आलं असतं तर अगदी हेच सुचले असते.

दुपारच्या त्या बाईने घरातलं एक काम कधी केलं नाही, हेही सांगायला हवं. भांडी तशीच असायची. कपडे दोरीवर तसेच. ती फक्त शिवायची आणि लेकीजवळ बसायची. पळापळ सगळी ताईच्या वाट्याला ठेवली होती. वाटणी कशी चोख झाली होती बघा.

आणि हळूहळू ताईच्या वस्तू जायला लागल्या. तिचं बोटात घालायचं अंगुस्तान गेलं. तिचा मोरपंखी स्वेटर गेला. आरशाखालचा कंगवा गेला, त्यात तिचे केस अडकलेले असायचे. संध्याकाळी लेक पुन्हा पूर्वीसारखी होत चालली होती, कानात वायर, नजर फोनवर. ताईने जवळ बसून विचारलं, "काय गं, आज काय झालं?" तर लेक नवलाने म्हणाली, "सांगितलं की सगळं दुपारी. परत काय?"

एका दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. ताईने घरी फोन लावला. लेकीने उचलला. तिच्या आवाजामागे मशीन चालत होती, एका लयीत, न खोकता.

"हॅलो?"

"अगं, मी," ताई म्हणाली.

"हॅलो? हॅलो, कोण?"

"मी गं. आई. कोण आहे तुझ्याजवळ? मागे बघ जरा."

मशीन थांबली. घरातली ती शांतता ताईला फोनमधून ऐकू आली. पंख्याची घरघर, सासूबाईंचा रेडिओ, आणि कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं.

"कोणी बोलतच नाहीये, आई," लेक फोनपासून तोंड वळवून खोलीत म्हणाली. "नुसती खरखर येतेय."

मशीन परत सुरू झाली. लेकीने फोन ठेवला.

लाइन खराब असेल, ताईने मनाला सांगितलं. असतात लाइनी खराब. "मी आत्ता घरी जाते," असं ती डॉक्टरांना सांगायला उठली, तेवढ्यात रूट कॅनालचा पेशंट ओरडत आत आला आणि त्याची फाइल सापडेना.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने सुई ओढून काढली. दोरा दाताने तोडायला गेली, तुटला नाही. कात्री शोधली, कात्री जागेवर नव्हती. दोरा ओढत राहिली तर तो येतच राहिला, सगळ्या टाक्यांतून सळसळत, आणि गोधडी आवळायला लागली. पिवळा फ्रॉक चुरगळला, त्यावरचं बदक दुमडलं. ताईच्याने ते बघवलं नाही. तिने हात सोडला. जे चुरगळत होतं ते शेवटी तिच्याच लेकीचं होतं. गोधडी हळूहळू आपली आपण सपाट झाली.

८

लेक दुसऱ्या दिवशी जायची होती. गोधडीचा फक्त एका बाजूचा काठ राहिला होता, तो सकाळीच ताईने बघून ठेवला होता. तिने मनाशी पक्कं केलं, हा काठ मी शिवीन. मी गाठ मारीन. मी लेकीच्या हातात देईन. बाकीचं कोणी शिवलं असेल ते असो, शेवटचा टाका आईचा असला पाहिजे. तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. डॉक्टर म्हणाले, "जा ना ताई, तुमचं काय अडलंय इथं." ते चांगल्या मनानेच म्हणाले असतील.

दुपारचा जिना तिला अनोळखी वाटला. या वेळी उन्हाचा पट्टा वेगळ्याच पायऱ्यांवर पडतो हे तिला माहीत नव्हतं. घड्याळवाल्या काकांचं दार उघडं होतं. काका भिंगातून वाकून बघत होते, त्यांनी मान वर केली, ताईकडे पाहिलं, आणि कोणी अनोळखी माणूस वर जात असावं तशी परत खाली घातली. वरून मशीनचा आवाज येत होता.

तिने किल्लीने दार उघडलं. सासूबाई खुर्चीत झोपलेल्या होत्या, रेडिओ मांडीवर पुटपुटत होता. स्वयंपाकघरातून चार पावलं. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि ताई त्या फटीशी जाऊन उभी राहिली.

खोकी नव्हती. टायर नव्हते. खोली झाडून पुसून लख्ख केलेली होती, ती एवढी मोठी असेल असं ताईला कधी वाटलं नव्हतं. खिडकीशी एक बाई पाठमोरी बसली होती, मोरपंखी स्वेटर घालून. मान खाली, केस मोकळे, पायडल चालवणारा पाय सैलसर. तिच्या पायाशी सतरंजीवर लेक लवंडली होती, गोधडी गळ्यापर्यंत ओढून, डोकं त्या बाईच्या गुडघ्याला टेकवून. ती काहीतरी सांगत होती आणि मध्येच हसत होती. गोधडीचं दुसरं टोक मशीनवर होतं. मधला आकाशी चौकोन लेकीच्या छातीवर आला होता.

ताईला ओरडायचं होतं. तिने तोंडही उघडलं. तेवढ्यात तिची नजर खिडकीच्या काचेवर गेली. काचेत त्या बाईचा चेहरा अर्धा दिसत होता, खाली वाकलेला, टाक्यावर लागलेला. चेहरा ताईचाच होता. फक्त झोप पुरलेला होता.

मशीन थांबली. बाईने काठाला गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. तो सहज तुटला. मग तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली छोटी सुई उचलली, तिच्यात दोरा नव्हता, आणि ती डबीत ठेवली. टक् करून झाकण लागलं.

त्या आवाजाने लेकीने मान वळवली. दाराच्या फटीत तिला ताई दिसली. लेकीच्या डोळ्यांत भीती नव्हती, नवलही नव्हतं. ती ताईकडे नीट बघून ओळखीचं हसली, जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाकडे बघून आपण हसतो तेवढं.

"आई," ती गुडघ्याला टेकूनच म्हणाली, "त्या ताई आल्या."

बाई वळली नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तर्जनी थोडी वाकडी होती.

"आज लवकर आल्या वाटतं," ती म्हणाली. आवाज गोड होता, कसली घाई नसलेला. "सांग त्यांना, भांडी पडलीत सकाळपासून."

ताई फटीशीच उभी होती. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तिला वारा लागत होता. मग खोलीतून तिला ताई म्हणून हाक आली, आणि हाक आली की उठायचं, जायचं, एवढं तर तिच्या हाडात मुरलेलं होतं. ती ओट्याशी गेली. भांडी खरंच पडलेली होती. तिने बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.